रोजची दहा मिनिटं

‘पहिली-दुसरीत शाळेला थोडा उशीर झाला तरी चालतो’ असं एका लेखात वाचलं; ते पटलं नाही. शिक्षण हक्क कायद्यात पाचवीपर्यंत वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास धरलेत. रोज १० मिनिटं उशीर म्हणजे ३३ तास, जवळपास आठ दिवस शाळा बुडाली! त्यात नवं अक्षर बाई सुरुवातीलाच फळ्यावर गिरवून दाखवत असतील, तर ते हुकलेलं मूल शेजारच्या वहीतून चित्रासारखं उतरवतं, रेघ खालून वर ओढतं, आणि ते वळण पुढे मोडता मोडत नाही. बडोद्यात खरी पंचाईत नवरात्रात. गरब्याहून बाराला आलेलं मूल साडेसहाला उठणार कसं? सहा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते. दुसऱ्या दिवशी शाळा असेल तर त्याला आठलाच घरी आणा. दप्तर, गणवेश, मोजे रात्रीच काढून ठेवा. व्हॅन चुकते ती बहुतेकदा मोज्यांपायी.