प्रस्ताव गुप्त ठेवल्याने नेमके कोणाचे रक्षण होते?

घरखरेदीच्या प्रस्तावांबाबत एक दावा सातत्याने पुढे पाठवला जात आहे. प्रस्ताव गुप्त ठेवणे हीच न्याय्य पद्धत आहे, कारण ते उघड केल्यास खरेदीदाराचा खासगीपणा जातो, चढाओढीने किमती भडकतात आणि घर कसे विकायचे हा मालकाचा हक्कच उरत नाही, असे त्यात म्हटले आहे.

खासगीपणाचा मुद्दा लगेच निकालात निघतो. प्रस्तावाचा आकडा आणि तो देणाऱ्याचे नाव या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. नॉर्वेमध्ये व्यवहार ठरल्यावर खरेदीदाराला आणि विक्रेत्याला सर्व बोलींची नोंद दिली जाते. ज्यांच्या हाती घर लागले नाही, त्या बोलीदारांनाही ती नावे वगळून मागता येते.

किमतीच्या मुद्द्याचा विचार मात्र सविस्तर करायला हवा. उघड पद्धतीमुळे घरे स्वस्त होतील असे मी म्हणत नाही. गिऱ्हाइके जास्त आणि घरे कमी असतील तेथे भाव चढणारच. पण बंद पद्धतीत समोरचा आकडा ठाऊक नसल्यामुळे खरेदीदार घर हातचे जाईल या धास्तीने बोली वाढवतो, आणि दुसऱ्या क्रमांकाची बोली कितीतरी खाली असली तरी ती वाढीव रक्कम त्याला मोजावी लागते. ‘आणखी एक पार्टी तयार आहे, रात्रीपर्यंत आकडा वाढवून सांगा,’ असा एजंटचा फोन आला की ती पार्टी खरोखर आहे का, हे पडताळण्याचा मार्ग त्याच्यापाशी नसतो. अशी दिशाभूल इतकी संभवनीय आहे की ब्रिटनमध्ये प्रस्तावांच्या अस्तित्वाबद्दल किंवा तपशिलाबद्दल एजंटने खोटे सांगणे हा गैरप्रकार असल्याचे १९९१ च्या आदेशात स्पष्ट लिहावे लागले.

मालकाच्या हक्काचा युक्तिवाद तर मला सर्वांत खटकतो, कारण गुप्ततेत मालकही अंधारात राहू शकतो. विक्रेता आणि खरेदीदार दोघेही एकाच एजंटकडे असतील, तर आपल्या गिऱ्हाइकाचा प्रस्ताव पुढे करून बाहेरचा चांगला प्रस्ताव मागे ठेवण्याचा मोह त्याला होऊ शकतो. म्हणूनच ब्रिटनच्या त्याच आदेशानुसार एजंटने आलेले प्रस्ताव मालकाला विनाविलंब आणि लेखी कळवायचे असतात. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात १ डिसेंबर २०२३ पासून स्पर्धक प्रस्तावांचा तपशील इतर खरेदीदारांना सांगण्याची मुभा आहे, आणि तो सांगायचा की नाही हे विक्रेताच ठरवतो. म्हणजे तेथे पारदर्शकतेमुळे मालकाचा अधिकार उलट वाढला आहे.

नोंद ठेवताना केवळ रक्कम लिहून भागणार नाही. प्रस्ताव केव्हा आला, त्याची मुदत कधी संपते, तो कर्जमंजुरीवर किंवा घराच्या तपासणीवर अवलंबून आहे का, ताबा कधी हवा आहे, हेही त्यात असले पाहिजे. कारण मालक कधी कधी कमी रकमेचा पण बिनशर्त प्रस्ताव स्वीकारतो, आणि ते कारण नोंदीत दिसले तर जास्त रक्कम देऊ करणाऱ्यालाही आपला प्रस्ताव का नाकारला गेला हे कळते.