‘संस्कार नसतील तर शाळा काय करणार?’ – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. अमेरिकेतल्या गरीब कृष्णवर्णीय मुलांना शाळेत लैंगिक शिक्षण देणं म्हणजे आगीत तेल ओतणं, कारण घरच्यांनाच त्यांची पडलेली नसते, असं तुम्ही लिहिलंय. हे मला पटत नाही.

मिसिसिपी राज्याचंच घ्या. 2011च्या कायद्याने तिथे या विषयासाठी मुलं-मुली वेगळी बसवली आणि निरोध कसा वापरायचा हे दाखवायला बंदी घातली. सॅनफर्ड जॉन्सन या कार्यकर्त्याने मग व्हिडिओत पायात मोजा चढवून तेच समजावलं. त्याच राज्यात एका ठिकाणी चॉकलेटचा कागद काढून ते वर्गभर फिरवायचे. बघा किती मळलं, संबंध ठेवलेली मुलगी अशीच होते, हा धडा. त्या बाकावर बारा-तेरा वर्षांची पोर बसलेली असते. तिच्यावर घरातच कुणी जबरदस्ती केली असेल, तर हे ऐकून ती कुणापाशी तोंड उघडेल?

शरीरसंबंधांसाठी ‘थांबा’ म्हणून मुलांना सांगावं, हा तुमचा मुद्दा मात्र मी खोडणार नाही. जॉन जेमट या संशोधकाने सहावी-सातवीतल्या 662 कृष्णवर्णीय मुलामुलींवर केलेला अभ्यास 2010मध्ये आला. फक्त ‘आत्ता थांबा’ शिकवलेल्या गटात दोन वर्षांत सुमारे 33 टक्के मुलांनी संबंध ठेवले, लैंगिक विषय सोडून फक्त आरोग्याबद्दल शिकवलेल्या गटात 48 टक्क्यांच्या वर. पण तिथे लग्नापर्यंत थांबा असं सांगितलं नव्हतं, निरोधाची निंदा नव्हती, कुणाला लाजवलं नव्हतं.

आणि नुसते तास घेऊन भागत नाही. मायकल करेरा यांनी 1984मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीत मुलामुलींसाठी काम सुरू केलं, त्यात लैंगिक शिक्षणाबरोबर शिकवणी होती, खेळ होते, दातांचा डॉक्टर होता, पोरांच्या नावाने बँकेत खातं होतं. पुढे झालेल्या तपासणीत मुलींमधली गर्भारपणं स्पष्ट कमी दिसली. मुलग्यांमध्ये तसा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. मला यातलं बँकेचं खातं फार मोलाचं वाटतं. पुढे काहीतरी आहे असं दिसलं की पोर स्वतःला जपते.

राहिलं घरच्यांचं. 1973मध्ये अलाबामातल्या माँटगोमेरीत रेल्फ या कृष्णवर्णीय घरातल्या 12 आणि 14 वर्षांच्या दोन बहिणींची नसबंदी केली गेली. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलींना इंजेक्शनं द्यायची आहेत एवढंच तिला वाटलं, म्हणून तिने कागदावर फुली मारली. अशा आठवणी असलेली आई शाळेतून आलेल्या लैंगिक शिक्षणाच्या संमतिपत्रावर सही करताना थबकली, तर तिला मुलीची पडलेली नाही असं मी तरी म्हणणार नाही.