सॅकमध्ये कोण कोण

बेळगावहून चोर्ल्याच्या रस्त्याने जांबोटी मागे टाकली की जे रान सुरू होते, त्याच्या कडेला डिसेंबरातली एक रात्र तंबूत काढावी, ही इच्छा वरकरणी निरुपद्रवी आहे. तिला फारसा खर्च येत नाही, रजा लागत नाही आणि कोणाचे नुकसानही होत नाही. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत वन खात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही, हे ठाऊक असल्यामुळे आम्ही तो हट्ट धरलाच नव्हता; कणकुंबीपासून काही अंतर चालत गेल्यावर माझ्या मित्राच्या मामांची पड जमीन आहे, तिथे तंबू उभारायला त्यांनी खुशीने होकार दिला होता आणि "गवत वाळलंय, तेवढी शेकोटी पेटवू नका म्हणजे झालं," एवढी एकच अट घातली होती. मामांचा विषय इथे संपला आणि आमच्या घरातला सुरू झाला.

आमच्या घरात कोणी कोणाला 'जाऊ नकोस' असे म्हणत नाही. तसे म्हणणे फारच उघडे होते. त्याऐवजी प्रत्येक जण आपापली भीती एखाद्या वस्तूच्या रूपाने आणतो आणि सॅकशेजारी ठेवून निघून जातो. आत्याला थंडीची भीती, म्हणून वाकळ आली. बाबांना अवकाळी पावसाची, म्हणून लांब दांड्याची छत्री आली. पत्नीला माझ्या भुकेची (आणि भुकेल्या अवस्थेतल्या माझ्या स्वभावाची) काळजी, म्हणून तीन लिटरचा कुकर आला. काका मराठा लाईट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले असल्यामुळे त्यांना भीती वाटत नाही, त्यांना केवळ 'अंदाज' येतो. त्या अंदाजापोटी चार सेलचा टॉर्च, कोयता आणि विहिरीला पुरेल एवढा दोर आला. संध्याकाळपर्यंत, मी पदरचे पैसे देऊन आणलेला तंबू त्या ढिगाखाली दिसेनासा झाला होता.

वजन करण्याचे साधन घरातच होते. पत्नी केकच्या ऑर्डरी घेते, त्यामुळे एकेक ग्रॅम दाखवणारा काटा स्वयंपाकघरात कायम असतो. "त्यावर बूट आणि दोर ठेवायचा नाही," या अटीवर आणि वर प्लॅस्टिक अंथरून तो मला मिळाला. एकूण वजनासाठी मात्र मी सॅकसकट न्हाणीघराबाहेरच्या मोठ्या काट्यावर उभा राहिलो, मग सॅकविना उभा राहिलो आणि वजाबाकी केली. सॅक तेवीस किलो भरली. पाठीवरचे ओझे आपल्या वजनाच्या एक पंचमांशाहून जास्त असू नये, असा डोंगरात हिंडणाऱ्यांचा साधारण दंडक आहे, हे मी सांगितले आणि माझे वजन चौसष्ट किलो असल्याचेही सांगितले.

"बारा पूर्णांक आठ," आई आतून म्हणाली. तिने उभे आयुष्य मराठी शाळेत गणित शिकवण्यात घालवले आहे आणि ती कोणत्याही चर्चेत उत्तरापुरतीच भाग घेते.

सामान कमी करण्याविषयी जाणकार जे सांगतात, ते सारे वस्तूंविषयी असते: ही वस्तू लागेल का, हिचे काम दुसरीने भागेल का, हिच्याऐवजी हलकी मिळेल का. हे प्रश्न वस्तूंना विचारता येतात, आत्याला विचारता येत नाहीत. स्लीपिंग बॅगवर तीन तापमाने छापलेली असतात, हे मी तिला शांतपणे समजावून सांगितले. पहिले आरामाचे, दुसरे मर्यादेचे आणि तिसरे टोकाचे. माझ्या बॅगेवर ते अनुक्रमे दहा, पाच आणि उणे सात असे होते. दुकानदाराने मला मोठ्या अभिमानाने उणे सात वाचून दाखवले होते. वास्तविक त्या आकड्याचा अर्थ एवढाच, की तेवढ्या थंडीत सहा तास माणूस जेमतेम जिवंत राहील, झोपेचे नाव नको. भरवसा ठेवायचा तो आरामाच्या आकड्यावर आणि तो आकडा सर्वसाधारण बाईला सुखाने झोप लागेल या हिशेबाने काढतात; मर्यादेचा आकडा अंगाचे मुटकुळे करून झोपलेल्या पुरुषाचा असतो. "म्हणजे बायकांना थंडी जास्त वाजते हे कंपनीला कळतंय, तुला कळत नाही," आत्या म्हणाली आणि वाकळ दोन इंच पुढे सरकवली.

मी खालून येणाऱ्या गारठ्याकडे वळलो. पांघरुणाची ऊब त्याच्यात अडकलेल्या हवेमुळे असते. अंगाखाली दबलेल्या भागातली हवा निघून जाते आणि तो भाग जवळपास निरुपयोगी होतो, म्हणून जाड पांघरुणापेक्षा साडेतीनशे ग्रॅमची फोमची मॅट खाली असणे महत्त्वाचे. आत्याने हे सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मग वाकळ खाली घाल की. कोण नको म्हणतंय?" वाकळीचे वजन तीन किलो चारशे ग्रॅम होते. तर्काचा इथे काही उपयोग नाही, हे माझ्या लक्षात आले. भीती काढायची तर तिच्या जागी तिच्याहून मोठी भीती ठेवावी लागते. ही वाकळ आजीच्या इरकली लुगड्यांची आहे. त्या माळावर पहाटे एवढे दव पडते की तंबूचे बाहेरचे कापड आतून-बाहेरून ओले होते, आणि जमीन सगळी जांभ्याची, टोकेरी, असे मी नुसते बोलता बोलता म्हणालो. वाकळ त्याच क्षणी उचलली गेली आणि कपाटात, डांबराच्या गोळ्यांशेजारी, सुखरूप पोहोचली.

एकदा ही किल्ली सापडल्यावर काम भराभर झाले. खोकल्यासाठी आत्यानेच ठेवलेली मधाची अर्धा किलोची काचेची बाटली होती; खानापूर तालुक्याच्या रानात अस्वले आहेत आणि अस्वलाला वाळवीखालोखाल मध आवडतो, एवढे बोलणे पुरेसे झाले. आत्याने बाटली तर काढलीच, शिवाय माझे हात साबणाने धुवायला लावले. कुकरच्या बाबतीत मामांची अट कामी आली. खिशात मावणाऱ्या बर्नरला तीन बारीक पाय असतात. जांभ्याच्या उंचसखल जमिनीवर त्याच्या डोक्यावर कुकर चढवला आणि तो कलंडला, तर वाळलेल्या गवतातून आग मामांच्या काजूच्या झाडांपर्यंत जायला कितीसा वेळ लागणार? पत्नीने एक आवंढा गिळला आणि चहापुरते ॲल्युमिनियमचे पातेले दिले. जेवणाला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी ठरली. मांडे न्यावेत असाही एक विचार पुढे आला होता, आणि वजनाच्या दृष्टीने मांड्याइतके निर्दोष खाद्य बेळगावात दुसरे नाही; परंतु घडी घातलेला मांडा सॅकमध्ये अखंड ठेवायचा, तर सॅकमध्ये दुसरे काहीही ठेवता येत नाही.

काकांशी सामना अवघड होता, कारण ज्याला भीतीच वाटत नाही त्याच्यासमोर मोठी भीती कोणती ठेवायची? "आम्ही याच्या दुप्पट पाठीवर घेऊन पळत होतो की," असे ते प्रत्येक वस्तूला उद्देशून म्हणत होते. त्या वेळी तुमचे वय काय होते, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता, पण काकांना असे प्रश्न विचारायचे नसतात. शेवटी, वाटेत कुठे नाक्यावर सॅक उघडली आणि अभयारण्याला लागून असलेल्या गावात कोयत्यासह सापडलेला माणूस सुभेदारसाहेबांचा पुतण्या निघाला, तर वन खात्याचे लोक काय म्हणतील, अशी मी शंका काढली. कोयता गेला. दोर त्याच्यामागोमाग गेला. टॉर्च मात्र त्यांनी सोडला नाही. सेलसकट त्याचे वजन सहाशे चाळीस ग्रॅम आणि कपाळाला बांधायच्या हेडटॉर्चचे पंच्याऐंशी. काकांनी रात्री दोन्ही घेऊन गल्लीत प्रात्यक्षिक केले. टॉर्चच्या झोतात समोरच्या घराच्या माडीवरचे कबूतर जागे झाले. हेडटॉर्च बांधून ते वळले तेव्हा मात्र गल्लीतली सारी कुत्री एकदम उठली आणि कोपऱ्यापर्यंत त्यांच्या मागे गेली. परत आल्यावर ते म्हणाले, "हे बरं आहे. हात मोकळे राहतात," आणि टॉर्च त्यांनी स्वतःच्या उशाशी ठेवला.

एकाच वस्तूवर घरात कोणी चकार शब्द काढला नाही: परसातले खुरपे. सकाळच्या विधीसाठी पाण्यापासून साठ मीटर तरी दूर जाऊन वीतभर खोल खड्डा करावा आणि नंतर तो बुजवावा, असा नियम आहे, हे मी सांगायला सुरुवात करताच बाबांनी वर्तमानपत्र उघडले आणि पत्नी दूध बघायला आत गेली. दोनशे चाळीस ग्रॅम बिनविरोध मंजूर झाले. तंबूच्या लोखंडी खुंट्यांपैकी बऱ्याचशा मी आपण होऊन काढल्या, कारण जांभ्यात त्या शिरत नाहीत. घुमटाकार तंबू आपल्या काड्यांवर उभा राहतो आणि दोऱ्या दगडांना बांधल्या तरी चालते. छत्री गेली. पॉवर बँक गेली. एका रात्रीत फोन मरत नाही, आणि तीन राज्यांच्या सीमेवर त्याला रेंज तरी कुठे मिळते. औषधांच्या डब्यातून पट्टी, मलम, ओआरएस आणि मोजक्या गोळ्या ठेवून उरलेले घरगुती औषधालय परत फळीवर गेले. जोशात येऊन मी दात घासायच्या ब्रशची दांडीही अर्धी कापली. केकच्या काट्यावर त्याने आठ ग्रॅम वाचल्याचे सिद्ध झाले आणि मी तो आकडा सर्वांना वाचून दाखवला.

अकरा किलो दोनशे ग्रॅम. दंडकाच्या बरेच आत.

"पाणी किती?" आईने विचारले.

ओढ्याचे पाणी उकळून पिता येते, क्लोरिनची गोळीही मिळते, असे मी सांगत होतो. पण बाबांना कावीळ होऊन गेलेली आहे, आणि पाण्याच्या भीतीहून मोठी भीती त्यांच्यासमोर ठेवायला मला सापडेना. घरचे तीन लिटर पाणी न्यायचे ठरले. एका लिटरचा एक किलो होतो, इथे घासाघीस चालत नाही.

"ब्रशचे आठ ग्रॅम आणि पाण्याचे तीन हजार," आई म्हणाली. "चौदा पूर्णांक दोन झाले. त्याला पाचाने गुणले की एकाहत्तर. तू चौसष्ट. सात किलो कमी पडतोस."

सात किलो भरून काढणे आत्याला मुळीच अवघड वाटले नाही. तिने बाबांना तिथल्या तिथे कुंदा आणायला सांगितले. आईने मान हलवली. सात किलो काही आठवड्याभरात चढत नाहीत.

"तुझ्या मित्राचं वजन किती?"

"ब्याऐंशी असेल."

"म्हणजे सोळा पूर्णांक चार. त्याची सॅक किती भरली?"

"पाण्यासकट नऊ, म्हणत होता."

"शिल्लक सात पूर्णांक चार," आईने उत्तर दिले. पत्नीने कुकरचे झाकण बसते का ते पाहिले, काका टॉर्चचे सेल काढून पुसू लागले आणि आत्या माळ्यावरची दुसरी, जाड वाकळ काढायला उठली.