'आता हा फुटबॉल राहिलाच नाही' या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. एवढं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल आधी आभार, दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हायचं नव्हतं म्हणून जरा वेळ घेतला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग, पार मिळमिळीत झालीय, क्वार्टरबॅकला (पास फेकणाऱ्या मुख्य खेळाडूला) धक्का लागला की फाउलचा पिवळा फ्लॅग पडतो, सत्तरच्या दशकातले स्टीलर्स आणि रेडर्स हे दांडगे संघ आज असते तर निम्मी टीम बाहेर बसली असती, खेळाडू कोट्यवधी डॉलर घेतात ते धोका माहीत असूनच घेतात, आणि मी माझ्या लेखात नव्या नियमांची बाजू घेतली कारण आपण क्रिकेटवाले, हा खेळ आपल्या रक्तात नाही.

रक्तात नसेल, पण मी स्टीलर्सच्या गावात, पिट्सबर्गला राहतो आणि इथे हा खेळ टाळायचा म्हटलं तरी टाळता येत नाही. उन्हाळ्यात लट्रोबला सेंट व्हिन्सेंट कॉलेजच्या मैदानावर स्टीलर्सचा ट्रेनिंग कॅम्प असतो, पैसे पडत नाहीत, जवळ जाऊन बघता येतं. तिथे 'बॅक्स ऑन बॅकर्स' नावाचं एक ड्रिल असतं, एक लाइनबॅकर (बचावातला खेळाडू) धावत सुटतो आणि समोरच्या रनिंग बॅकने (बॉल घेऊन पळणाऱ्याने) त्याला छातीवर घेऊन अडवायचं, बास एवढंच. तो आवाज टीव्हीवर येत नाही. पॅडवर पॅड आपटतं आणि पाठोपाठ माणसाच्या छातीतली हवा बाहेर पडल्याचा एक हुंकार येतो, तो ऐकल्यावर हा खेळ मऊ झालाय असं मला तरी म्हणवत नाही. आणि ही नुसती प्रॅक्टिस.

मुद्द्यावर येतो. बंदी नक्की कशावर आलीय ते एकदा नीट बघूया. 12 ऑगस्ट 1978, ओकलंड, प्रीसीझनची मॅच, म्हणजे निकालाला काडीची किंमत नाही. न्यू इंग्लंडचा डॅरिल स्टिंगली, वय 26, मैदानाच्या मधून धावतोय, पास हाताबाहेरचा आहे, तो पुढे झेपावतो आणि समोरून तुमचे आवडते, रेडर्सचे जॅक टेटम येतात. स्टिंगली त्यानंतर कधी चालला नाही, 2007 मध्ये गेला. त्या हिटवर फ्लॅग पडला नाही, कारण तेव्हाच्या नियमात काही वावगं घडलंच नव्हतं! आज जे थांबवलंय ते हे. बॉलकडे नजर असलेल्या बेसावध माणसाच्या डोक्या-मानेवर पूर्ण वेगात आदळायचं नाही, आणि 2018 पासून स्वतःचं डोकं खाली घालून हेल्मेटने धडक द्यायची नाही. हा दुसरा नियम टॅकल करणाऱ्यालाही, म्हणजे पकडून पाडणाऱ्यालाही, वाचवतो हे कुणी लक्षातच घेत नाही. डिसेंबर 2017 मध्ये सिनसिनाटीत आमचा रायन शेझियर डोकं खाली घालून टॅकलला गेला आणि पाठीचा कणा दुखावून मैदानावरच पडला, पाय हलेनात. पुढच्या वर्षी ड्राफ्टच्या, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या कार्यक्रमाच्या, स्टेजवर तो आधार घेत चालत आला तेव्हा अख्ख्या शहराच्या डोळ्यात पाणी होतं, पण खेळाडू म्हणून तो परत आला नाही. लाइनबॅकर होता तो, मारणाऱ्यांपैकी.

आता माझं खरं म्हणणं, जे लेखात बहुतेक नीट पोचलं नाही. हाणामारी कमी झाली अशी तुमची तक्रार आहे, माझी तक्रार अशी की जिथे सगळ्यात जास्त नुकसान होतं तिथे जवळपास काहीच बदललेलं नाही. माइक वेब्स्टर घ्या. स्टीलर्सचा सेंटर, चार सुपर बोल (लीगची फायनल) जिंकलेला, 17 सीझन, 245 मॅच. सेंटर म्हणजे काय, तर प्रत्येक प्लेला वाकून उभं राहायचं, दोन पायांतून बॉल मागे द्यायचा आणि त्याच क्षणी समोरच्या सव्वाशे-दीडशे किलोच्या माणसात डोकं घालायचं, एका मॅचमध्ये साठेक वेळा, आणि प्रॅक्टिसमध्ये किती ते कोण मोजतंय. त्यातली एकही धडक हायलाइट्समध्ये येत नाही. निवृत्तीनंतर त्याची स्मृती गेली, संसार मोडला, हॉल ऑफ फेममधला माणूस कित्येकदा आपल्या पिकअप ट्रकमध्ये झोपायचा. 2002 मध्ये पन्नाशीत वारला. त्याचं शवविच्छेदन इथेच झालं, डॉ. बेनेट ओमालूंनी मेंदू तपासला आणि सीटीई नावाचा, डोक्याला वारंवार बसणाऱ्या धक्क्यांनी होणारा मेंदूचा आजार फुटबॉल खेळाडूत पहिल्यांदा दाखवला, 2005 मध्ये पेपर छापून आला. 

आणि इथेच तुमचा 'धोका माहीत असूनच घेतात' हा मुद्दा मला पटत नाही. माहीत असायला कुणी सांगायला तर पाहिजे! लीगने 1994 मध्ये डोक्याच्या दुखापतींवर कमिटी नेमली तिचे प्रमुख संधिवाताचे डॉक्टर होते, मेंदूचे नव्हे. त्या कमिटीने कित्येक वर्षं पेपरमागून पेपर काढले की दूरगामी इजा वगैरे काही होत नाही, आणि ओमालूंचा पेपर आला तेव्हा तो मागे घ्या म्हणून पत्र लिहिलं. फुटबॉल आणि सीटीईचा संबंध आहे हे लीगच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने अमेरिकन संसदेच्या प्रतिनिधींसमोर उघड कबूल केलं ते थेट 2016 मध्ये. त्याआधी डेव्ह डुअरसन या माजी खेळाडूने 2011 मध्ये छातीत गोळी झाडून घेतली, डोक्यात नाही, कारण मेंदू तपासायला द्या असं त्याने लिहून ठेवलं होतं. हे वाचल्यावर 'पैसे मिळाले ना' असं मला म्हणता येत नाही. 2017 मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी दान केलेले 111 एनएफएल खेळाडूंचे मेंदू तपासले, 110 मध्ये सीटीई सापडला. ज्यांना त्रास होता त्यांच्याच घरच्यांनी बहुतेक मेंदू दिले असणार, त्यामुळे सगळ्याच खेळाडूंचं असं होतं असा अर्थ काढायचा नाही, मी काढतही नाहीये, पण दुर्लक्ष करण्यासारखा आकडा हा नाही. आणि ज्यांना खरंच माहीत झालं त्यांच्यात ख्रिस बोरलँडसारखे पण निघाले, फोर्टीनायनर्स संघाकडून एकच सीझन खेळला, चांगला खेळला आणि 2015 मध्ये वयाच्या चोविसाव्या वर्षी रामराम ठोकला.

एका ठिकाणी मात्र मी तुमच्या बाजूने आहे, क्वार्टरबॅकच्या. 2018 मध्ये त्याच्या अंगावर पूर्ण वजन टाकून पडायचं नाही यावर लीगने जोर दिला, कारण आदल्या वर्षी क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्सचं कॉलरबोन मोडलं होतं. आता धावत आलेल्या 120 किलोच्या माणसाने हवेत वजन वळवायचं कसं? डॉल्फिन्स संघाच्या विल्यम हेजने क्वार्टरबॅक डेरेक कारला सॅक करताना (पास फेकायच्या आत पाडताना) तसा प्रयत्न केला आणि स्वतःच्याच गुडघ्याचा लिगामेंट फाडून घेतला, सीझन संपला. 2022 मध्ये अटलांटाच्या ग्रेडी जॅरेटने क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीला साधं धरून खाली पाडलं त्यावर फ्लॅग पडला, अटलांटाला बॉल परत मिळणार होता तो गेला, मीही टीव्हीसमोर तुमच्यासारखाच चिडलो होतो. पण याला मऊपणा नका म्हणू, ही माल जपण्याची वृत्ती आहे. क्वार्टरबॅक पडला की प्रेक्षक जातात म्हणून त्याला जपायचं, आणि वेब्स्टरसारख्या पुढच्या रांगेतल्या लाइनमनला कोण ओळखतं? खेळाडूंची खरंच काळजी असती तर 2021 मध्ये सतरावी मॅच वाढवली नसती आणि रविवारी खेळलेल्यांना गुरुवारी परत उतरवलं नसतं. डॉल्फिन्सचा क्वार्टरबॅक टुआ टागोवायलोआ 2022 मध्ये रविवारी सगळ्यांसमोर लटपटला, पाठ दुखावलीय म्हणून त्याच मॅचमध्ये परत खेळवला, चार दिवसांनी गुरुवारी परत उतरवला आणि डोकं आपटून बोटं वाकडी होऊन पडला, स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. ही लीग जास्तच हळवी झालीय?

'खेळाची मूळ प्रकृतीच बदलली' हेही तुम्ही लिहिलंय. 1905 च्या सीझनमध्ये अमेरिकेत फुटबॉल खेळताना 18 जण मेल्याची नोंद आहे, बहुतेक पोरंच. त्याच सीझनमध्ये अध्यक्ष रूझवेल्टनी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाऊसमध्ये बोलावलं, आणि 1906 मध्ये नियम बदलले त्यात फॉरवर्ड पास आला. म्हणजे ज्या लांब पासवर आपण सोफ्यावरून उठतो तो जीव वाचवण्याच्या खटपटीतून आलाय. तुमच्या लाडक्या स्टीलर्सचंही तेच, 1978 मध्ये पाच यार्डांपुढे रिसीव्हरला (पास झेलणाऱ्याला) धक्काबुक्की बंद झाली, त्या नियमाला आमच्या बचावातल्या मेल ब्लाउंटचंच नाव पडलं, म्हणजे फटका आम्हालाच बसायचा होता, आणि तो आणि पुढचा असे दोन्ही सीझन स्टीलर्सनीच सुपर बोल जिंकला.

राहिला हिप-ड्रॉप टॅकलचा प्रश्न, 2024 मध्ये तो बंद केल्यावर टॅकल करायचा तरी कसा, असं तुम्ही विचारलंय. मागून धरायला अजूनही मुभा आहे, ओढून पाडायलाही आहे. फक्त धरल्यावर स्वतःचं कंबरडं हवेत फिरवून समोरच्याच्या पायांवर आपटायचं नाही, कारण खाली अडकलेला घोटा मोडतो. बाकी मिठी मारून, खांदा लावून, कमरेला धरून पाडा, कितीही जोरात.