सीएसआर, करमाफी आणि जिल्हा परिषदेची शाळा : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

जिल्हा परिषदेच्या शाळांना कंपन्यांकडून मिळणाऱ्या मदतीविषयी मी जे लिहिले होते, त्यावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल मनापासून आभार. सीएसआर (कंपन्यांनी सामाजिक जबाबदारी म्हणून करायचा खर्च) ही कर वाचवण्याची युक्ती आहे, कंपन्या भिंती रंगवून स्वतःची जाहिरात करतात आणि माझ्यासारखे लोक त्याचे कौतुक करून सरकारला मोकळे सोडतात, असा आपला आक्षेप आहे. आपण स्वतः शाळा व्यवस्थापन समितीवर काम करता, असेही आपण लिहिले आहे. म्हणून हे उत्तर थोडे लांबवतो.

कराचा मुद्दा आधी घेतो, कारण हा समज फार पसरलेला आहे. कंपनी कायदा 2013 मधील कलम 135 हे 1 एप्रिल 2014 पासून लागू झाले. ज्या कंपनीचे नक्त मूल्य (मालमत्तेतून देणी वजा जाता उरणारी रक्कम) 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी, असे हे कलम सांगते. त्याच वर्षीच्या वित्त कायद्याने हा खर्च व्यवसायाचा खर्च म्हणून उत्पन्नातून वजा करता येणार नाही, हेही ठरवून टाकले. काही संस्थांना दिलेल्या देणगीवर प्राप्तिकर कायद्याखाली (1961 च्या कायद्यातले कलम 80जी) सवलत मागण्याची वाट शिल्लक आहे आणि त्यावरून प्राप्तिकर खात्याशी वादही झालेले आहेत, हे खरे. पण 2021 पासून न खर्चलेली रक्कम सरकारी निधीत भरावी लागते आणि ती न भरल्यास दंड होतो, तेव्हा याला करचुकवेगिरी म्हणणे अवघड आहे. माझ्या मते ही रक्कम उपकराच्या अधिक जवळ जाते. फरक इतकाच की तो कुठे खर्चायचा, हे कंपनी ठरवते. आणि खरी गोम तिथेच आहे.

सरकार मोकळे सुटते, असे मात्र मला वाटत नाही. 2022-23 मध्ये देशभरात सीएसआरखाली सुमारे 30,000 कोटी रुपये खर्च झाले आणि त्यातले सुमारे 10,000 कोटी शिक्षणावर. एकट्या महाराष्ट्राचा शालेय शिक्षणावरचा वार्षिक खर्च याच्या कितीतरी पट आहे. शिक्षकांची रिक्त पदे या पैशातून कायमची भरता येत नाहीत आणि कोणी तसा आव आणू नये.

जाहिरातीबद्दलची आपली चीड मी समजू शकतो, पण कंपनीच्या नावाच्या फलकापेक्षा मला मार्चअखेरची घाई जास्त खटकते. वर्ष संपत आले की जे पटकन विकत घेता येते, ज्याचा फोटो काढता येतो आणि ज्याचे बिल जोडता येते, तेच शाळेच्या वाट्याला येते. मी पाहिलेल्या एका शाळेत भिंतीएवढा टीव्ही मुख्याध्यापकांच्या खोलीत कपाटाआड उभा होता, त्यावरचे प्लॅस्टिकही निघालेले नव्हते. बिल थकल्यामुळे वीजजोडणी तोडलेली होती. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये (शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) मात्र त्याची नोंद अगदी व्यवस्थित होती, आणि वस्तू हरवली तर भरून द्यावी लागेल या धास्तीने ती वर्गात नेण्याची कोणाची हिंमत होत नव्हती. तो टीव्ही देणाऱ्या कंपनीच्या अहवालात ही शाळा ‘डिजिटल’ झाली असणार!

हे टाळण्याची सोय नियमांत आहे. प्रकल्प सुरू झाल्याच्या वर्षानंतर आणखी तीन वर्षे तो चालवता येतो, तरी एकाच वर्षात हिशेब मिटवण्याकडे कल राहतो. परिणामांचे स्वतंत्र मूल्यमापन बंधनकारक आहे ते फक्त मोठ्या कंपन्यांच्या 1 कोटी किंवा अधिक खर्चाच्या प्रकल्पांना. एखाद्या वाडीवरच्या शाळेला मिळालेली दोन लाखांची मदत त्या चाळणीत कधीच येत नाही.

‘पैसा पुण्या-मुंबईभोवतीच फिरतो’ हे आपले वाक्य मला पूर्ण मान्य आहे. कायदा स्थानिक परिसराला प्राधान्य द्या म्हणतो, म्हणजे जिथे कारखाने आहेत तिथेच पैसा साठतो. हे प्राधान्य बंधनकारक नाही, असा खुलासा कंपनी व्यवहार मंत्रालयाने 2021 मध्ये केला, तरी नंदुरबार किंवा गडचिरोलीपर्यंत जाण्याची तसदी थोड्याच कंपन्या घेतात. राज्य सरकारच्या सप्टेंबर 2023 च्या दत्तक शाळा योजनेत देणगीदाराचे नाव शाळेच्या नावाला जोडण्याची मुभा दिली गेली, तीही मला रुचलेली नाही. गावाने जागा दिलेल्या आणि श्रमदानाने उभारलेल्या शाळेला पाच-दहा वर्षांपुरते दुसऱ्याचे नाव कशासाठी?

आता आपल्या समितीविषयी. शिक्षण हक्क कायदा 2009 नुसार शाळा विकास आराखडा तयार करणे हे शाळा व्यवस्थापन समितीचे काम आहे, आणि त्या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. बहुतेक ठिकाणी हा आराखडा तपासणीपुरता भरून फाइलला लावला जातो. कंपनीचा माणूस ‘आम्ही काय देऊ?’ असे विचारत येतो, तेव्हा त्याच्या हाती तोच कागद द्यावा. स्वच्छतागृहाला पाणी हवे असेल तर पाणीच मागावे आणि टॅब नकोत, असे स्पष्ट सांगावे. जे घ्याल त्याची तीन वर्षांची दुरुस्ती आणि वीजबिल कोण भरणार, हे ठरावात लिहून घ्यावे. काही कंपन्या या अटीवर मागे फिरतील, त्यांना फिरू द्यावे. आपल्या शाळेचा यंदाचा आराखडा तयार असेल तर तो वाचायला मला आवडेल.