तीस सेकंदांत सून घडवा

इंदूरच्या कुणा साबणवाल्याने किंवा मसालेवाल्याने तुम्हाला जाहिरात करायला सांगितलीय ना? मग निवांत राहा. माल कसाही असो, ३० सेकंदांत एक सून बसवली की काम फत्ते.

आधी आई निवडा. मुलगा ८ वर्षांचा असेल तर आई २५ची घ्या. बघणारे बेरीज-वजाबाकी करत बसत नाहीत. सासू ४५च्या वर नको. केसांत एकच पांढरी बट, तीही कॅमेऱ्याच्या बाजूला. वडिलांना वयाची अट नाही, त्यांना फक्त वर्तमानपत्र लागतं. हल्ली मोबाइलही चालतो. खास मराठी मंडळींसाठी वेगळी जाहिरात हवी असेल तर 'भाभीजी'च्या जागी 'वहिनी' करा आणि नाकात नथ अडकवा. सकाळी सहाला कपडे धुताना नथ कोण घालतं, असं विचारणाऱ्याला सेटवर थांबू देऊ नका.

डाग मुलाच्या शर्टावर पाडा. मुलगा मळला की खेळाडू दिसतो, मुलगी मळली की तिच्या आईचं वळण निघतं. डाग चिखलाचा असावा, हळदीचा चुकूनही नको. साबणातल्या क्षाराने हळद लाल होते आणि तुमचा शुभ्र होऊ घातलेला शर्ट कॅमेऱ्यासमोर कुंकू लावून उभा राहतो. हळदीचा डाग कडक उन्हात बराचसा उडतो हे आजीला ठाऊक असतं, म्हणून आजीला संवाद देऊ नका. ऊन पाकिटात भरून विकता येत नाही. शर्ट दोन आणा, एक मळका, एक कोरा. मधलं धुणं दाखवायचंच नसतं, त्यामुळे वहिनींचा पदर कोरडा राहतो. पदर खोचायचा, पण इस्त्री मोडता कामा नये.

आता सेकंदांची वाटणी. पहिले ५ डाग आणि सासूची भुवई. १० सेकंद वहिनींची काळजी. मग ८ सेकंद पांढरा कोट घातलेला पुरुष धुण्याचं शास्त्र समजावतो. आवाज खर्जातला घ्या, जन्मात रुमालही न पिळलेल्या माणसाचा असला तरी चालेल. ४ सेकंद सासूचं हसू, ३ सेकंद पाकीट. सॅनिटरी पॅड विकायचं असेल तर निळं पाणी ओता आणि पुढे चला.

गोरेपणाचं क्रीम असेल तर शब्द जपून वापरा. 'फेअर अँड लव्हली'चं २०२०मध्ये 'ग्लो अँड लव्हली' झालं. लग्नात मुलीचं नाव बदलतात ना, तसंच. माणूस तेच.

जून २०२२पासून ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलच्या नव्या सूचनाही आहेत. बाई घरकाम करताना दाखवा, पण ते काम तिचंच आहे असं सुचवू नका. उपाय सोपा आहे. शेवटी नवऱ्याच्या हातात चहाचा कप द्या, रिकामाच. भरला तर सवय नसलेला हात हिंदकळतो आणि रिटेक वाढतात. तो म्हणेल, "आज मी मदत करतो." कुणी 'आज' खोडायला आलं तर अडवा. 'मदत'ला तर हातच लावू देऊ नका. मदत म्हटली की काम कुणाचं ते आपोआप ठरतं.

मसाल्याच्या जाहिरातीसाठी रात्री सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, शूटिंग करायचा मोह होईल. टाळा. तिथे जिलबी तळणारा पुरुष, दहीवडे मांडणारा पुरुष, भुट्ट्याच्या किसात दूध ओतून घोटणाराही पुरुषच. 'स्वयंपाकाला बाईचाच हात लागतो' हे वाक्य त्यांच्यासमोर रेकॉर्ड करायला गेलात आणि मागून कुणी झारा थांबवून फिस्सकन हसला, तर डबिंगचा खर्च वाढेल. लग्नातल्या आचाऱ्यालाही फ्रेमबाहेर ठेवा. त्याला बिदागी मिळते, त्यामुळे त्याच्या चेहऱ्यावर त्याग उमटत नाही.

राजवाड्यासमोर शूटिंग करायचं असेल तर आणखी एक अडचण आहे. तिथे अहिल्याबाईंचा पुतळा आहे. १७६७ ते १७९५, अशी २८ वर्षं त्यांनी कारभार हाकला आणि खाली तुमची नायिका म्हणणार, "ह्यांना विचारून सांगते." कॅमेरा थोडा खाली घ्या. नुसता चौथरा येऊ द्या, त्यावर पाकिटाचं नाव ठसठशीत बसेल.