संगणकाची सुबक, नामनिर्देशित आकृती

काल दुपारी, ओपीडीत रुग्ण ताटकळत बसलेले असताना, दंतवैद्यकाच्या आम्हा सर्व इंटर्नना सेमिनार हॉलमध्ये कोंडून 'संगणक कौशल्य' शिकवण्यात आले आणि त्या तीन तासांचे फलित म्हणून माझ्या जर्नलमध्ये आता संगणकाची पेन्सिलीने काढलेली, नावे दिलेली आकृती आहे. माउसची वायर वाकडी आली म्हणून सरांनी सही नाकारली. पहिल्या वर्षी मेणाचे दात कोरताना बोटे सोलून निघाली त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण दात शेवटी हातानेच घडवायचा असतो. पण माउसची वायर किती सरळ असावी, हे दंतवैद्यकाच्या कोणत्या विषयात मोडते?

त्याच सकाळी एक काकू ४८ क्रमांकाच्या, म्हणजे खालच्या उजव्या, आडव्या अडकलेल्या अक्कलदाढेच्या सीबीसीटीची (जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रे स्कॅनची) सीडी घेऊन आल्या होत्या. दाढेची मुळे नसेला भिडली आहेत का, एवढेच पाहायचे होते. फोल्डर उघडला तर आत डायकॉमच्या, म्हणजे वैद्यकीय स्कॅन साठवण्याच्या ठरावीक स्वरूपातल्या, शेकडो फाइली, नावांच्या जागी नुसते आकडे, एकही उघडेना. अखेर सोबतच्या छापील फिल्मचा मोबाइलवर फोटो काढून तो मॅडमना व्हॉट्सॲपवर पाठवला, म्हणजे काकूंनी पदरमोड करून काढलेला त्रिमितीय स्कॅन आम्ही तळहाताएवढा सपाट करून दाखवला. दुपारच्या तीन तासांत डायकॉम हा शब्द एकदाही उच्चारला गेला नाही. झ्यूरिकमध्ये १९८५ साली संगणकाच्या मदतीने खुर्चीशेजारीच घडवलेले सिरॅमिक इनले, म्हणजे दातातल्या खड्ड्यात चपखल बसणारे भरण, रुग्णाच्या दातात बसले होते, आणि आम्ही अजून इनपुट आणि आउटपुट यांतील फरक लिहितो आहोत! बायोमेट्रिक हजेरी लावून पुन्हा वहीत तीनदा सह्या करायच्या, ऑनलाइन अभिप्रायाचा फॉर्म छापून पेनाने भरायचा, आणि प्रबंधाची आकडेवारी पैसे मोजून बाहेरून करून आणायची, यालाच बहुधा संगणकीकरण म्हणत असावेत.

संध्याकाळी विभाग रिकामा झाल्यावर, रागाच्या भरातच, ती सीडी पुन्हा लावली. फाइलींच्या त्या रांगेच्या अगदी तळाशी स्कॅन पाहण्याचा प्रोग्राम सकाळपासून निमूटपणे बसलेला होता. दोन टिचक्यांत काकूंचा जबडा पडद्यावर गरगर फिरू लागला. नस मुळांपासून चांगली दूर आहे. हे मॅडमना आज सांगायचे आहे, फक्त कधी आणि कसे सापडले तेवढे वगळून.

वायर मात्र पट्टी धरून सरळ काढली आहे.